सतरा की अठरा

९ जुलै

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. पहिली ओळ तुझ्या ताईबद्दल, उरलेल्या तीन नळीबद्दल. मला वाटलं आणखी एखादा कागद पाकिटात राहिला असेल, म्हणून पाकीट फाडून उलटं केलं. नव्हता.

तर, तिच्या पुडीची ती काचेची नळी आहे. तिच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात वरच्या फळीवर, कापसात गुंडाळलेली. पुडीचा रंग अजून नारिंगीच आहे असं म्हणतात. मी स्वतः जाऊन पाहिलेली नाही. ती गेल्यापासून त्या इमारतीत पाय ठेवलेला नाही.

ती गेली ते मी तुला त्याच दिवशी कळवलं होतं. तू आली नाहीस. त्याबद्दल मी काही विचारत नाही, तूही काही लिहिलेलं नाहीस, तेव्हा ते तिथेच राहू दे.

नळीचा प्रश्न मात्र राहू देण्यासारखा नाही. ऑगस्टच्या अखेरीस तिची प्रयोगशाळा रिकामी करायची आहे. सुरक्षा अधिकारी म्हणून एक गृहस्थ आले होते, फार अदबीनं बोलले. ज्या रसायनाला कोणी वाली नाही ते सगळं ते नष्ट करणार. वाली कोण ते मी सांगायचं, कारण मी नवरा. मी म्हटलं, मी पुलांचे आराखडे काढण्यात जन्म घालवलेला माणूस, मला यातलं काय कळतं? ते म्हणाले, "तरी तुम्ही जवळचे."

तुम्हा बहिणींचं रसायनशास्त्र जेवणाच्या टेबलावर जेवढं सांडलं तेवढंच मला मिळालं. मधे धातूचा अणू बसतो. भोवती पाहुणे येऊन बसतात आणि आपापले इलेक्ट्रॉन त्याच्या ताटात वाढतात. बेरीज अठरा झाली की धातू तृप्त, पदार्थ टिकाऊ. सतरा झाली की तो हपापलेला, दिसेल त्याच्याकडून एक ओढून घेणार. तुझी ताई म्हणायची, माझी पूड सतराची आहे आणि तरीही टिकते; एक इलेक्ट्रॉन एकटा उरतो म्हणून तर चुंबकाच्या तराजूत ती ओढली जाते. तू म्हणायचीस, अठराचीच आहे, धातूला एक हायड्रोजन चिकटलाय, तो एवढासा आहे म्हणून क्ष-किरणांच्या चित्रात धातूच्या झगमगाटापुढे दिसत नाही. एवढंच ना? एवढ्यावरून एका घराची दोन घरं झाली.

आता तू नळी मागतेस. कशासाठी, ते लिहीत नाहीस. ती सतराची नव्हती हे दाखवायला हवी असेल, तर जिच्याशी वाद होता ती उरलेली नाही. समोर कोणी नसताना वाद जिंकून काय मिळतं, मला कळत नाही. पण कदाचित तसं नसेलही. मला हल्ली कशाचाच नीट अंदाज येत नाही. मघाशी चहा केला, ती चपटी पट्टी घेऊन ढवळला, आणि ढवळतच उभा राहिलो. साखर घातलीच नव्हती.

मी बरा आहे. जेवतो वेळेवर. घर व्यवस्थित आहे.

भावोजी


२१ जुलै

धाकटे,

या वेळी पानभर लिहिलंस. "भावोजी, मला ती जिंकायला नको आहे," असं लिहिलंस. मग कशाला हवी ते पुन्हा नाहीच. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची तुम्हा दोघींची सवय सारखीच.

फोन कर म्हणतेस. मला फोनवर बोलता येत नाही, तुला माहीत आहे. समोरचा गप्प झाला की मीही गप्प होतो, आणि मग दोघं मिळून तारेचं भाडं भरत बसतो. कागदावर निदान खोडता येतं.

त्या रात्रीच्या जेवणाचं तुला आठवतं का, असं विचारतेस. मला सगळं आठवतं. अर्थ लागत नाही, ही गोष्ट वेगळी.

तू म्हणालीस, "ताई, चुंबकाकडे तुझी पूड ओढली जात नाही. पुडीतलं लोखंड ओढलं जातं."

"माझ्या पुडीत लोखंड कुठून आलं?"

"तुझ्या हातातून. स्टीलच्या स्पॅट्युलानं चंबूच्या भिंती खरवडतेस. काच स्टीलला घासते, कण पडतात."

"मी खरवडते?"

"खर्रर्र खर्रर्र. जिन्यापर्यंत ऐकू येतं. विचार हवं तर कोणालाही."

"याच हातांनी तुझ्या वेण्या घातल्या गं मी. तेव्हा नाही सापडलं लोखंड?"

"तेव्हाही ओढायचीसच तू!"

इथपर्यंत ते भांडण नव्हतं. रोजचंच होतं. मला वाटलं, आपणही काही बोलावं. म्हणून मी पेन काढलं आणि कागदी रुमालावर तुझ्या सूत्राची बेरीज मांडली. मँगनीजचे सहा, तीन कार्बन मोनॉक्साइडचे सहा, दोन फॉस्फीनचे चार, तुझ्या त्या लपलेल्या हायड्रोजनचा एक. सतरा. मी म्हटलं, "अगं, हायड्रोजन धरूनही सतराच येतंय की! दोघींचं उत्तर एकच आहे. मग भांडता कशाला?"

आणि तुम्ही दोघी एकदम, एका सुरात, "पद्धत मिसळली!"

पालथ्या घड्यावर पाणी. तुझ्या ताईनं मला किती वेळा समजावलं असेल. एका पद्धतीत धातूचे सात धरायचे आणि हायड्रोजनचा एक. दुसऱ्या पद्धतीत धातूनं आपला एक आधीच हायड्रोजनला देऊन टाकला असं समजायचं, म्हणून धातूचे सहा आणि हायड्रोजनचे दोन. कोणत्याही वाटेनं जा, बेरीज अठराच. मी मात्र सहा या वाटेवरून उचलतो आणि एक त्या वाटेवरून. तू म्हणायचीस, "भावोजी, तुम्ही एका गाडीत बसता आणि दुसऱ्या गाडीतून उतरता."

त्या दिवशी दोघी हसलात. ते एका सुरातलं वाक्य तुमच्या दोघींचं शेवटचं ठरेल असं मला तेव्हा वाटलं असतं, तर मी आणखी चार बेरजा चुकवल्या असत्या.

कारण हसू ओसरल्यावर तू म्हणालीस, "मी हे छापणार आहे. अठरा म्हणून." आणि ती म्हणाली, "छाप. पण माझ्या पुडीवर नको. स्वतःची कर." तू खुर्ची मागे सारलीस. खुर्चीचा आवाज मला अजून ऐकू येतो.

पुढे तू त्या दुसऱ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत गेलीस. तुझा लेख छापून आला तो तिनं ओट्याशी उभ्यानंच वाचला. मी विचारलं, कसा आहे? म्हणाली, "बरा लिहिलाय. वाक्यं छोटी आहेत." बस. पुन्हा कधी विषय नाही. तुझं नाव निघालं तर ती उठून खिडकी लावायची, किंवा उघडायची. लागलेली असेल तर उघडायची.

तेव्हा तू मला सांग, तिला काय वाटत होतं. तू तिला जन्मापासून ओळखतेस, मी लग्नापासून.

भावोजी


२ ऑगस्ट

धाकटे,

काल तिच्या प्रयोगशाळेत गेलो होतो. जायचं ठरवलं नव्हतं. दाढीचं सामान आणायला बाहेर पडलो आणि पाय तिकडे वळले.

तिथला मदतनीस, धुकं, भेटला. तुम्हीच ठेवलेलं नाव. द्रव नायट्रोजनचा डबा घेऊन तो आला की आधी धुकं आत यायचं, मागून तो. केस पिकलेत आता त्याचे, धुकं तेवढंच आहे. मला पाहून तो उगाचच टेबल पुसायला लागला. मग म्हणाला, "साहेब, मॅडमच्या नळ्या दोन आहेत."

"दोन? मला एकच माहीत आहे."

"एक ती भांडणातली." तो हे असं म्हणाला की जणू रसायनाचं नावच ते. "आणि एक नंतरची. मॅडम आजारी पडल्या त्याच्या आधीच्या हिवाळ्यातली. एकट्यांनी केली. मला म्हणाल्या, नायट्रोजन ठेव आणि तू जा घरी."

त्यानं दोन्ही काढून दाखवल्या. मी हात लावला नाही. भांडणातली जाड आहे, अंगठ्यापेक्षा थोडी बारीक. दुसरी अगदीच बारीक, लांब, शिसपेन्सिलीहूनही बारीक, आणि दोन्ही टोकांना वितळवून बंद केलेली. तळाशी तीच नारिंगी पूड, बोटाच्या पेराएवढी उंच.

मी विचारलं, हिचं काय आलं? म्हणजे मोजल्यावर. धुकं म्हणाला, "मोजणार कशी साहेब? ही आपल्या चुंबकाच्या तराजूत बसतच नाही. मी करून पाहिलं परवा. पकडीतून सरळ खाली घसरते. मी झेलली म्हणून." मग नळी पुन्हा कापसात ठेवत म्हणाला, "मॅडमचं माप कधी चुकत नव्हतं. पण तेव्हा तब्येत नसेल बरी. दिसत नव्हतं आपल्याला, पण आतून सुरू झालं असेल."

मी हो म्हटलं.  तिचा हात कापत होता का त्या हिवाळ्यात, हे मी आठवत होतो. आठवेना. माझ्यासमोर बसून ती रोज जेवत होती.

निघताना काहीतरी बोलायचं म्हणून मी त्याला म्हटलं, तो स्टीलचा स्पॅट्युला दाखव रे एकदा, काचेवर घासला की खरंच कण पडतात का बघू. तो हसला. "स्टीलचा? इथं कुठं आता! धाकट्या मॅडम इथलं सोडून गेल्या, त्याच आठवड्यात मॅडमनी सगळे खण उपसले. एकूणएक गोळा केले, पिशवीत भरले, म्हणाल्या घरी कामाला येतील. तेव्हापासून आपल्याकडे प्लास्टिक, नाहीतर काचेची कांडी. मी एकदा चुकून नवा स्टीलचा आणला, तर माझ्यावर अशा डाफरल्या की विचारू नका."

धाकटे, घरी आलो आणि चहा टाकला.

मी इतकी वर्षं ज्या चपट्या पट्टीनं चहा ढवळतोय ती काय आहे, हे मला काल कळलं. एक टोक चपटं, एक किंचित वाकडं. दुसरी एक कुंडीतल्या मातीत खोचलेली आहे. एकीनं आम्ही बरण्यांची झाकणं उचकटतो. एक मधल्या खिडकीखाली पाचर म्हणून आहे, वाऱ्यानं वाजू नये म्हणून. ती जी खिडकी लावायची-उघडायची, तीच. मी कधी विचारलं नाही. मला वाटलं, प्रयोगशाळेतून जुनंपुराणं आणलंय.

आता माझा गोंधळ ऐक. तिला तुझं म्हणणं पटलं होतं म्हणायचं, तर मग बोलली का नाही? पटलं नव्हतं म्हणायचं, तर सगळं स्टील घरी का आणलं? आणि स्टीलशिवाय नवी पूड केली, तर ती मोजताच येऊ नये अशा नळीत का भरली? मी सहा एका वाटेनं घेतोय आणि एक दुसऱ्या वाटेनं, असं काहीतरी होतंय. पण या वेळी "पद्धत मिसळली" म्हणून ओरडायला घरात कोणी नाही.

भावोजी


८ ऑगस्ट

धाकटे,

तुझा निरोप मिळाला. एकच ओळ: बारीक नळीची जाडी मोजा आणि काचेवर नखानं टिचकी मारून पाहा. वैद्यानं नाडी बघायला सांगावी तसं.

जाडी मोजायचा माझा जुना व्हर्नियर घेऊन गेलो. बाहेरून चार मिलिमीटर, वरून खालपर्यंत सारखी. माझ्या कामातही इतकं सारखं कमी बघायला मिळतं. टिचकी धुकंनं मारली, मला धीर झाला नाही. आवाज साध्या काचेसारखा बोदा नाही, बारीक आणि खणखणीत येतो.

हे सगळं कशाला?

भावोजी


१६ ऑगस्ट

धाकटे,

तुझं लांबलचक पत्र काल आलं. ते मी आधी बसून वाचलं, मग उभं राहून, मग बाहेर बाकावर जाऊन. शाई जिथे फुटली आहे तिथे काय लिहिलं होतंस ते मी अंदाजानं लावलं.

मला जे कळलं ते माझ्या शब्दांत लिहितो, चुकत असेल तर सांग. ती नळी काचेची नाही, क्वार्ट्झची, म्हणजे वितळवलेल्या गारगोटीची आहे. साध्या काचेत लोखंडाचा अंश असतो, तो मधे कुजबुजतो, म्हणून क्वार्ट्झ. असली नळी तराजूसाठी नसतेच. ती एका वेगळ्या यंत्रासाठी असते, जे जोडीदार नसलेल्या एकट्या इलेक्ट्रॉनचाच आवाज टिपतं. सतरा असतील तर एक एकटा उरणारच, आणि तो बोलेल. अठरा असतील तर सगळे जोडीनं, यंत्र गप्प. स्टीलचे कण त्याला फसवू शकत नाहीत, त्यांचा आवाज वेगळा, फाटका येतो.

आणि ते यंत्र आपल्या गावात नाही. ते तुझ्या प्रयोगशाळेत आहे. तू रोज त्याच्या शेजारच्या खोलीत बसतेस.

म्हणजे धुकंचं आणि माझं, दोघांचंही चुकलं. तिचं माप चुकलं नव्हतं. ती नळी तुझ्या यंत्राच्या मापाची होती. तिच्यावर पत्ताच होता, फक्त लिहिलेला नव्हता.

मग तिनं पाठवली का नाही? तू विचारतेस, मीही विचारतो. आजार मधे आला म्हणावं, तर आधी दोन-तीन महिने मिळाले होते. मानीपणा आड आला म्हणावं, तर मानी माणूस नळीच कशाला भरेल? मला एकदा वाटतं, ती तू यायची वाट बघत होती. एकदा वाटतं, तिला उत्तराची भीती वाटत होती. कुठल्या उत्तराची, ते मला ठरवता येत नाही.

आता व्यवहाराचं. नळी पाठवता येणार नाही. मी दोन ठिकाणी विचारलं. हवा लागली की धुमसू शकेल अशी अनोळखी पूड, तीही फुटणाऱ्या नळीत, कोणी घेत नाही. सुरक्षा अधिकारी तीस तारखेला येणार. ते म्हणाले, ज्यांना हाताळता येतं अशा व्यक्तीनं स्वतः येऊन, सही करून, रीतसर डब्यातून नेली तर हरकत नाही. अशी व्यक्ती मला एकच माहीत आहे.

"कुठल्या तोंडानं येऊ?" असं लिहिलंयस. जे आहे त्याच तोंडानं ये. दुसरं आणणार कुठून?

भावोजी


६ सप्टेंबर

धाकटे,

पोचल्याचं कळवलंस, बरं केलंस. नळी वाटेत मांडीवर घेऊन बसलीस म्हणतेस. शेजारच्या बाईनं विचारलं डब्यात काय आहे, तर तू बहीण म्हणालीस. तिला काय वाटलं असेल!

घर व्यवस्थित आहे असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. तू आलीस आणि बघितलंस, आता लपवण्यात अर्थ नाही. तिचा कोट मी खुंटीवरून काढलेला नाही आणि बैठकीतच झोपतो. तू भांडी घासलीस फक्त. मग चहा टाकलास आणि ओट्याकडे तोंड करून किती वेळ उभी राहिलीस. मला वाटलं साखरेचा डबा सापडत नसेल. सांगायला आलो तर तुझ्या हातात ती पट्टी होती. मी परत फिरलो. ते योग्य केलं का, कोणास ठाऊक.

तीस तारखेचं मला राहून राहून आठवतं. तू भांडणातली नळी कपाटातून उचललीस आणि सरळ अधिकाऱ्यांच्या हातात दिलीस. "ही न्या." धुकं म्हणाला, "अहो मॅडम, ती तर पुरावा!" तू म्हणालीस, "तिच्यात माझी शंका आहे आणि ताईचा राग आहे. यातलं काहीच मोजायचं नाही मला." ते ऐकून अधिकारी बिचारे कुठल्या डब्यात टाकावं या विचारात पडले.

आता तू लिहितेस, नळी टेबलावर आहे, यंत्र मोकळं आहे आणि तू रोज दुसरंच काम काढतेस. यंत्र बोललं तर तुझा लेख चुकला, आणि तुझं नाव त्या अठरावर उभं आहे. यंत्र गप्प राहिलं तर ताई चुकली, आणि ते तिला सांगता येणार नाही. "भावोजी, मोजू का?" असं मला विचारतेस. मला! सतरा आणि अठरा यांत आयुष्यभर घसरलेल्या माणसाला!

मला जे सुचतं ते लिहितो.

आजारपणात एकदा, बरं वाटत होतं त्या दिवशी, तिनं मला समजावलं होतं. सतराचे दोन रेणू एकमेकांना भेटले की जोडी करतात. एकाचा एकटा दुसऱ्याच्या एकट्याशी हात धरतो, मग प्रत्येकजण तो आपल्या मोजणीत धरतो आणि दोघांचे अठरा होतात. मी विचारलं, मग तुझी पूड तशी का करत नाही? म्हणाली, "दोन फॉस्फीन आहेत ना अंगावर, अवजड. बाकावर दोन लठ्ठ पाहुणे बसल्यासारखे. मधे दुसऱ्याला जवळ येऊच देत नाहीत." आणि हसली. मी तेव्हा हसलो नाही. मला वाटलं, ती माझ्याबद्दल बोलतेय. तुम्हा दोघींच्या मधे बसलेला तो लठ्ठ पाहुणा मी तर नव्हे? विचारायचं राहिलं. तू आली होतीस तेव्हा हे तुला विचारावंसं वाटलं, पण तोवर तुझी गाडी निघाली.

असो. प्रश्न नळीचा आहे. तिनं ती भरली तेव्हा तिलाही उत्तर माहीत नव्हतं. इथे मोजायची सोयच नव्हती. म्हणजे चुकीचं ठरायची तयारी करूनच तिनं ती बंद केली, आणि ती बंद केली ती तुझ्या यंत्रासाठी. तिनं तिच्या वाट्याचं केलं. धाकटे, मोज.

उत्तर काहीही येवो, मला कळव. आणि तो लठ्ठ पाहुण्याचा प्रश्न, त्याचंही.

भावोजी


२७ सप्टेंबर

धाकटे,

तुझं पत्र जेवणाच्या टेबलावर ठेवून उघडलं. तिच्या खुर्चीसमोर. वाचलंही मोठ्यानं, घरात कोणी नसताना. "सतरा. भावोजी, ताई बरोबर होती. स्वच्छ आवाज आला, चिमूटभराचा नाही, जवळजवळ सगळ्या पुडीचा. फाटका आवाज कुठेच नाही. लोखंडाचा मागमूस नाही."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला, मग गेला, मग परत आला. ती असती तर काय म्हणाली असती? मला वाटतं, खिडकीकडे गेली असती.

तू दुरुस्ती छापायला पाठवलीस, स्वतःच्या हातानं स्वतःचा लेख खोडलास आणि वर तिचं नाव आधी घातलंस. तुझे वरिष्ठ म्हणाले, एवढी घाई कशाला, कोण विचारतंय. तू त्यांना म्हणालीस, "मला विचारणारी होती एक." हे मला आवडलं. तेही मी मोठ्यानं वाचलं.

आणि लठ्ठ पाहुण्याबद्दल तू लिहिलंस, "भावोजी, तुम्ही फॉस्फीनच होतात. पण ते दोन फॉस्फीन काढून घेतले तर ती पूड एक दिवस टिकली नसती." मी हे नीट समजलोय का ठाऊक नाही. चहा दोनदा गार झाला.

माझं एक मात्र सुटत नव्हतं. ती बरोबर होती, तर तिनं स्टील का सोडलं? जुन्या नळीत लोखंड होतं की नव्हतं हे आता कोणालाच कळणार नाही, तू ती देऊन टाकलीस. पण समज, नव्हतंच. समज, तिचा हात पहिल्यापासून स्वच्छ होता. तरी तिनं त्याच आठवड्यात सगळे खण उपसले आणि पुढे एकदाही खरवडलं नाही. मी दोन्ही वाटांनी मोजून पाहिलं, न मिसळता, सावकाश. या वाटेनं गेलो तर ती बरोबर होती. त्या वाटेनं गेलो तर तिनं तुझं ऐकलं. दोन्ही बेरजा एकच येतात, हे मला आज सकाळी कळलं. बरोबर असूनही तिनं तुझं ऐकलं होतं. फक्त सांगितलं नाही. ते तिच्यानं झालं नसतं.

सोबत पुडकं पाठवतोय. कोट आहे तिचा, धुतलेला. खुंटी आता मोकळी आहे, तिच्याकडे बघायची सवय होईल. कोटाच्या खिशात एक स्टीलचा स्पॅट्युला ठेवलाय, तो जरा वाकड्या टोकाचा. खिडकीखालचा काढला. खिडकी वाजते, वाजू दे.

कामावर वापरू नकोस. चहाला बरा आहे.

भावोजी